रात्रपाळीला बंबावर तीनच माणसं आणि हद्दीत नऊ जिनिंग: कामं कशी वाटायची?

कापूसपट्टा_केंद्र

'क' वर्ग नगरपरिषदेचं अग्निशमन केंद्र आहे. बंब एकच. टाकी ४५०० लिटर, पंप ७ बारला मिनिटाला २२५० लिटरचा. माणसं ११: चालक-यंत्रचालक ३, फायरमन ८, त्यातले ५ कंत्राटी. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा वजा केल्या की रात्री चालक धरून तिघंच उरतात.

सामान: ६३ मिमीच्या १५ मीटर आरआरएल (रबरी अस्तराच्या) होज १४, डिव्हायडिंग ब्रीचिंग (एका होजच्या दोन करणारा जोड) १, ब्रँच (होजच्या टोकाची हातात धरायची नळी, तिला नोझल लागतं) ४, नोझल तीन मापांची: १२ मिमी, १५ मिमी आणि २० मिमी, फॉग नोझल (तुषार उडवणारं) १, पोर्टेबल पंप १, बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या बाटलीचे श्वसनसंच) २ (६.८ लिटर, ३०० बार). जादा बाटल्या नाहीत, कॉम्प्रेसर नाही.

हद्दीत आणि लगत मिळून ९ जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या मिल). दिवाळीनंतर सगळ्यांच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात. शेजारच्या नगरपरिषदेचा बंब २८ किलोमीटरवर.

विचारायचं ते असं:
१. तिघांनी पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय करायचं?
२. टाकी आठ-नऊ मिनिटांत रिकामी होते. पुढचं पाणी कसं लावायचं?
३. बीए सेट दोन आहेत म्हणून दोघांनी आत जाणं बरोबर आहे का?
४. माणसं वाढवून मागायची तर मुख्याधिकाऱ्यांपुढे कोणता हिशेब ठेवावा? "कमी पडतात" एवढ्यावर फाइल परत येते.

तांडेल_६३मिमी

टाकी आठ मिनिटांत संपते म्हणताय, म्हणजे तुमच्या ब्रँचला २० मिमी नोझल लावलेलं आहे. तिथूनच सुरुवात करा.

नोझलमधून मिनिटाला किती लिटर जातं याचं सोपं सूत्र: व्यास मिमीमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला नोझलवरच्या दाबाच्या (बारमध्ये) वर्गमुळाने गुणा आणि त्याचे दोन तृतीयांश घ्या. ४ बारला २० मिमी म्हणजे ५३० लिटर, १५ मिमी म्हणजे ३००, १२ मिमी म्हणजे १९०. टाकी ४५०० ची. २० ला साडेआठ मिनिटं, १५ ला पंधरा, १२ ला तेवीस.

दुसरी गोष्ट झटक्याची. ४ बारला २० मिमी नोझल मागे ढकलतं ते जवळपास २५ किलोच्या जोराने. त्याला दोन माणसं लागतात, आणि तुमच्याकडे पंप सोडून दोनच आहेत. १२ मिमीचा झटका ९ किलोचा, तो एकटा माणूस धरू शकतो. १५ चा १४ किलोचा. एकट्याला धरायचाच असेल तर होजचा मोठा वेढा घालून ब्रँच त्या वेढ्याच्या आडव्या होजवर टेकवायची आणि तिढ्यावर बसायचं. मग झटका होजच घेते. अशी बसलेली ब्रँच पटकन हलवता येत नाही, म्हणून बसायची जागा आधी नीट निवडा. भरलेली १५ मीटर होज म्हणजे नुसतं पाणीच ४७ किलो. ती ओढत नाचणं एकट्याचं काम नाही.

आता वाटणी. तिघांना चालक, ब्रँचमन आणि प्रमुख म्हणू.

वर्दी येताच, गॅरेजचं शटर वर जायच्या आधी प्रमुखाने दोन फोन करायचे: शेजारच्या बंबाला आणि महावितरणच्या उपकेंद्राला. जागेवर जाऊन बघू आणि मग बोलावू, असं केलंत तर २८ किलोमीटरचा बंब शेड पडल्यावर येतो. खोटी वर्दी निघाली तर तो अर्ध्या वाटेतून परत जाईल, बिघडत नाही.

जागेवर: बंब वारा येतो त्या बाजूला, शेडपासून २५-३० मीटर लांब, तोंड फाटकाकडे, डोक्यावर विजेची तार नाही हे बघून. चालक पीटीओ (गाडीच्या इंजिनावर पंप चालवणारा जोड) लावतो. ब्रँचमन दोन होज टाकतो, पुढे ब्रीचिंग, ब्रीचिंगच्या एका तोंडाला तिसरी होज आणि १२ मिमी. दुसरं तोंड बंद ठेवायचं. तिसऱ्या मिनिटाला वॉटर ऑन.

या वेळात प्रमुखाने होजला हातही लावायचा नाही. लहान केंद्रांत सगळ्यात जास्त हेच चुकतं. माणसं कमी म्हणून प्रमुखही होज ओढायला लागतो आणि मागच्या भिंतीपलीकडे सरकीचं गोदाम पेटलंय हे कुणालाच कळत नाही. प्रमुखाने वॉचमनला सोबत घेऊन आवाराला एक पूर्ण फेरी मारायची. विचारायचं एवढंच: आत कोण आहे, पंखे बंद केले का, मेन स्विच कुठे, जनरेटर आपोआप सुरू होतो का, पाण्याची टाकी कुठे आणि तिच्यात किती पाणी आहे. चार-पाच मिनिटांत फेरी संपते. मग तो ठरवतो काय सोडायचं. तिघांत पेटलेली शेड विझत नाही, ती सोडा आणि शेजारची वाचवा. ब्रीचिंगचं दुसरं तोंड तेव्हा उघडायचं, त्यावर प्रमुख स्वतः.

मिलचे कामगार होज वाहायला, ट्रॅक्टर हलवायला, ताडपत्र्या ओढायला घ्या. ब्रँच त्यांच्या हातात देऊन त्यांना आत पाठवू नका.

पीटीओ_पंप

तांडेल, १२ मिमीचं पटलं, पण सरसकट नको. गंजी पूर्ण पेटली असेल आणि झळ शेडच्या पत्र्यावर येत असेल तर १२ चं पाणी पत्र्यापर्यंत पोचायच्या आधीच वाफ होतं. तिथे एकच ब्रँच चालवा, पण १५ ची. दोन बारक्या धारांपेक्षा एक बरी.

पाण्याचं बघू. टँकरचा हिशेब कागदावर करून भिंतीला लावा, कारण रात्री तो डोक्यात होत नाही. समजा विहीर किंवा बोअर २ किलोमीटरवर आहे. ५ एचपीची चांगली मोटर २० मीटर चढावर मिनिटाला ५०० लिटरच्या आसपास देते, म्हणजे ५००० लिटरचा टँकर भरायला १० मिनिटं. जाणं-येणं ८ मिनिटं, रिकामा करायला ५. एक फेरी २३ मिनिटांची, म्हणजे एक टँकर मिनिटाला सव्वादोनशेच लिटर देतो. दोन १२ मिमी ब्रँचना लागतात ३८०. म्हणजे तेवढ्यालाही दोन टँकर सतत फिरते हवेत. ५३० वर गेलात तर तीन. आधी टँकर मोजा, मग नोझल ठरवा.

दुसरी अडचण ऐन वेळी कळते. साध्या टँकरची तोटी खाली असते आणि बंबाच्या टाकीचं तोंड वर, त्यामुळे पाणी आपोआप चढत नाही. पोर्टेबल पंप मध्ये घातला तर त्यावर एक माणूस अडकतो, आणि तोच तुमच्याकडे नाही. त्यापेक्षा जेसीबीने ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, ८० सेंटीमीटर खोल खड्डा काढायचा आणि आत जाड ताडपत्री टाकायची. ४८०० लिटर मावतात. टँकर त्यात भसाभस सोडून लगेच परत जातो आणि बंब सक्शनने त्यातून उचलतो. हंगामात प्रत्येक जिनिंगवर जेसीबी नाहीतर ट्रॅक्टर असतोच. त्याहून बरं म्हणजे मिलच्या फाटकाजवळ सिमेंटचा हौद आधीच बांधून घ्या.

सक्शन लागत नाही तेव्हा लोक आधी प्रायमरला (पंपातली हवा काढून पाणी वर ओढणाऱ्या यंत्रणेला) शिव्या देतात. दोष प्रायमरचा क्वचितच असतो. या क्रमाने बघा:

कपलिंगमधला रबर वॉशर आहे का? पडलेला किंवा चिरलेला वॉशर हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. होज धुताना तो निघतो आणि चिखलात जातो.
पंपाचा ड्रेन कॉक उघडा राहिला का?
डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत का?
स्ट्रेनर (सक्शन होजच्या टोकाची जाळी) पाण्याखाली किमान दोन फूट आहे का? खड्डा ८० सेंटीमीटरचा काढायला सांगितला तो यासाठीच. पातळी उतरली की भोवरा होतो, हवा ओढली जाते आणि पंप सुटतो.
सक्शन होजला मध्येच उंटासारखा उंचवटा आला आहे का? तिथे हवा अडकते. होज पाण्यापासून पंपाकडे चढतच गेली पाहिजे.

सगळं ठीक असेल तरी विहीर खोल असल्यास नाद सोडा. कागदावर १० मीटर चढ निघतो, प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरच्या पुढे भरवसा धरू नका. उन्हाळ्यात विदर्भातली विहीर त्याखाली गेलेली असते. तिथे पोर्टेबल पंप दोरीने खाली सोडायचा विचारही करू नका, विहिरीत इंजिनाचा धूर साचून माणूस जातो. पाण्यात बुडालेली मोटरच वापरा.

आठवड्यातून एकदा कोरडी व्हॅक्यूम चाचणी घ्या. सक्शनला टोपी लावा, सगळं बंद करा, प्रायमर चालवून काटा उणे ०.८ बारपर्यंत न्या, इंजिन बंद करा आणि घड्याळ लावून एक मिनिट काट्याकडे बघा. काटा भराभर शून्याकडे आला तर गळती आहे, तेलाचा हात किंवा साबणाचा फेस लावून शोधा. ग्लँड पॅकिंगचा (शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवणारा) पंप असेल तर चालताना ग्लँडमधून थेंबथेंब पाणी पडायलाच हवं. ते थेंब बघून पाना घेऊन आवळणारे उत्साही लोक शाफ्ट जाळतात.

चालकासाठी एक: टाकी भरलेली असो वा पूर्ण रिकामी, वळण ठीक जातं. अर्धी टाकी घेऊन जोरात वळू नका. सव्वादोन टन पाणी एका बाजूला येतं.

गाठ_१७०

वरच्या दोघांनी पाणी सांगितलं, कापूस राहिला. कापसाची आग लाकडासारखी नाही आणि पेट्रोलसारखीही नाही.

रुईच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं. साधं पाणी वरून घरंगळतं, आत जात नाही. वरचं काळं झालेलं दिसतं, विझल्यासारखं वाटतं, आत मात्र निखारा हळूहळू चालत राहतो. १७० किलोच्या दाबलेल्या गाठीत तो दिवसचे दिवस चालतो. कधी धूर दिसत नाही, ज्वाळा तर नाहीच. हात लावला की गाठ कोमट लागते. मग कुणीतरी ती गाठ ट्रकमध्ये भरतं आणि वाटेत वारा लागतो.

म्हणून जळलेली किंवा नुसती शेकलेली प्रत्येक गाठ शेडबाहेर, मोकळ्या जागी, एकमेकींपासून अंतर ठेवून मांडा. आठवडाभर तरी चांगल्या गाठींत मिसळू देऊ नका. मिलमालकाचा माल अडकतो, तो कटकट करेल. पट्टी कापून गाठ उघडायची असेल तर बाजूला उभं राहून, चेहऱ्यावर काच घेऊन कापा. ताणलेली पट्टी सुटते ती थेट डोळ्याच्या उंचीला.

सुट्या रुईवर किंवा गंजीवर सरळ धार मारू नका. धारेने पेटते पुंजके उडतात आणि वाऱ्याच्या दिशेला दुसरी गंजी धरते. फॉग नोझल एकच आहे म्हणता, ते कापसासाठीच ठेवा. क्लास ए फोम किंवा वेटिंग एजंट मिळाला तर पाणी आत शिरतं. ०.५ टक्के म्हणजे पूर्ण टाकीला २२ लिटर, एक कॅन. टाकीत ओतलंत तर काम झाल्यावर टाकी, पंप आणि होज साध्या पाण्याने धुवा. धुण्याची पावडर टाकायचा जुगाड करू नका, फेसाने पंपाचा प्राइम सुटतो.

गाठींची थप्पी भिंतीला लागून असेल तर आणखी एक धोका. गाठ पाणी प्याली की फुगते आणि जड होते. रांगेतल्या सगळ्या गाठी मिळून भिंतीला बाहेर ढकलतात. भिंतीवर तिरकी भेग दिसली की माणसं भिंतीच्या उंचीच्या दीडपट लांब न्या.

पंख्याचं महत्त्व तांडेलांनी एका शब्दात उरकलं. कापूस ओढणारा पंखा चालू राहिला तर रोलरवर पडलेली ठिणगी पाइपातून पुढच्या खोलीत, तिथून रुईच्या ढिगात जाते. पंखा आधी बंद, बाकी नंतर. आणि मेन स्विच पाडल्यावर जनरेटर आपोआप सुरू होऊन तीच लाइन पुन्हा जिवंत करतो, म्हणून त्याचा स्विचही पाडायचा. कपॅसिटर पॅनलमध्ये वीज तोडल्यावरही भार शिल्लक राहतो, त्यावर पाणी नको. छतावर सोलर असेल तर दिवसा त्या तारा कायम जिवंत.

कापसात लपलेली आग किती महाग पडू शकते हे १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दिसलं. फोर्ट स्टिकिन जहाजाच्या तळघरात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही होती. धूर दुपारीच दिसला, जहाजात पाणी सोडलं जात होतं, पण पेट नेमका कुठे आहे ते सापडेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला पाळतात. मॉक ड्रिल मात्र सगळे त्याच आठवड्यात घेतात, जेव्हा जिनिंगचा हंगाम संपत आलेला असतो आणि आवार रिकामं असतं. तुमची ड्रिल ऑक्टोबरात लावा.

कापूसपट्टा_केंद्र

फार उपयोग झाला. सक्शनचे दोन वॉशर आज नवीन टाकले, एक चिरलेलाच निघाला.

बीएचं कुणी बोललं नाही. बाटल्या भरायला पाठवायच्या तर टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरून आणू का, असा सल्ला कार्यालयातून आला आहे. आणि ११ माणसांत २४ तासांची ड्यूटी लावली तर माणसं वाढल्यासारखी होतात असंही कुणी म्हणालं. खरं आहे का?

शिट्टी_५५बार

टायरवाल्याकडे अजिबात नको. त्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश, पाणी आणि इंजिनाचा धूर येतो, आणि तो ३०० बारला पोचतही नाही. ऑक्सिजन तर बिलकूल भरू नका. तेलाचा नुसता हात लागलेल्या फिटिंगवर जास्त दाबाचा ऑक्सिजन सोडला की ते फिटिंगच पेटतं. श्वसनाच्या हवेचा कॉम्प्रेसर महानगरपालिकेच्या केंद्रात किंवा एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्रात मिळतो. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र देऊन महिन्यातला एक दिवस ठरवून घ्या आणि चार जादा बाटल्यांची मागणी आजच टाका. बाटलीवर हायड्रो चाचणीची (पाण्याच्या दाबाने बाटली तपासण्याची) तारीख कोरलेली असते, ती उलटलेली बाटली कुठलंच शहाणं केंद्र भरून देत नाही. पाठवायच्या आधी बघा.

बाटलीवर किती मिनिटं लिहिलंय त्यावर जाऊ नका. ६.८ गुणिले ३०० म्हणजे २०४० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरले तर ५१ मिनिटं, म्हणून कॅटलॉगमध्ये पाऊण तास छापतात. फायर सूट घालून होज ओढणारा माणूस मिनिटाला ७० लिटर सहज घेतो. हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, त्यामुळे कामाची हवा २४५ बारची, १६६६ लिटर. भागिले ७० म्हणजे २४ मिनिटं, त्यात आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही. बाटली २४० बारलाच असेल तर १८ मिनिटं. २४० च्या खालची बाटली लावून आत जायचंच नाही.

परत कधी फिरायचं ते शिट्टीवर सोडू नका. आत जाताना २९० असेल तर त्यातून ५५ वजा करा, उरलेल्याचं अर्ध ११७. २९० वजा ११७, म्हणजे १७० च्या जवळ काटा आला की दोघंही फिरा. ज्याचा काटा आधी खाली येईल त्याच्या हिशेबाने.

रोजची तपासणी तीन मिनिटांची आहे. बाटली उघडा, काटा बघा. बाटली बंद करा आणि एक मिनिट थांबा, काटा १० बारहून जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. मग बायपासमधून हळूहळू हवा सोडत जा, ५५ च्या आसपास शिट्टी वाजली पाहिजे. मास्क लावा, बाटली बंद असताना श्वास ओढा, मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. दाढी असेल तर चिकटत नाही. यावर केंद्रात वाद होतात, पण दाढीवाल्याने त्या पाळीत बीए घ्यायचा नाही, एवढं सरळ ठेवा.

आता मूळ प्रश्न. दोघं आत गेले तर बाहेर उरतो चालक, आणि तो पंप सोडू शकत नाही. दारावर वेळ आणि बार लिहून ठेवणारा कुणी नाही, आत कुणी पडला तर आणायला कुणी नाही. तिघांत आत जाणं हे काम नाही. अपवाद एकच: माणूस आत आहे हे नक्की कळलंय, जागा माहीत आहे, दारापासून एका होजच्या अंतरात आहे. तेव्हाही भरलेली ब्रँच सोबत घेऊन, आणि दारावर मिलचा एखादा भानावर असलेला माणूस घड्याळ देऊन उभा करून. रुईच्या गाठींसाठी आत जायचं नाही.

धूर विरळ आहे म्हणून तोंडाला ओला रुमाल किंवा साधा मास्क बांधून गाठी ओढायला जातात, तेही बंद करा. धुमसणारा कापूस कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि कुठलंही फडकं त्याला अडवत नाही. कूलिंगच्या वेळी माणसं चक्कर येऊन पडतात ती यामुळे, ज्वाळा गेल्यानंतर.

पाळीपत्रक

२४ तासांच्या ड्यूटीबद्दल. ऐकीव उत्तरापेक्षा आकडे मांडतो.

आठ तासांच्या पाळीत एका जागेला वर्षात १०९५ पाळ्या भराव्या लागतात. एक माणूस किती भरतो? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, आणि अर्जित रजा, किरकोळ रजा, प्रशिक्षण मिळून ४५ दिवस वजा केले की २६८. सणांच्या सुट्ट्या मी धरल्याच नाहीत. १०९५ भागिले २६८ म्हणजे बंबावरच्या एका जागेला ४.१ माणसं. फाइल परत येते ती यामुळे: वरच्यांना वाटतं तीन पाळ्यांना तीन माणसं पुरतात.

याच हिशेबाने तुमच्या ११ माणसांत पाळीला सरासरी २.७ माणसं येतात. त्यातही चालकांचं बघा. तीन चालक मिळून वर्षाला ८०४ पाळ्या भरतात, लागतात १०९५. म्हणजे २९१ पाळ्यांना नियुक्त चालक नाही, आणि पंप लायसनवाल्या फायरमनच्या हातात. प्रस्तावाचं पहिलं वाक्य हेच ठेवा. फायरमन कमी आहेत हे वाचून फाइल बाजूला सरकते, २९१ पाळ्यांना यंत्रचालक नाही हे वाचल्यावर त्यावर सही करणाऱ्याला स्वतःची जबाबदारी दिसते.

एका बंबाला सहाचा संच धरतात: एक लीडिंग फायरमन, एक चालक-यंत्रचालक, चार फायरमन. सहा गुणिले ४.१ म्हणजे २५. एकदम १४ पदं मिळणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. मधला टप्पा चौघांचा मागा, तो १७ माणसांत बसतो. म्हणजे सहा वाढीव, त्यात किमान दोन चालक. चारच का, ते वरच्या उत्तरातून लिहा: दोन बीएवर, एक पंपावर, एक दारावर.

२४ तास काम आणि ४८ तास सुट्टी केली तर एक माणूस रजा वजा जाता वर्षाला साधारण १०७ ड्यूट्या करतो आणि एका जागेला ३.४ माणसं लागतात. तुमच्या ११ मध्ये सरासरी ३.२ येतील. म्हणजे २.७ वरून ३.२. वाढ आहे, पण ती आकाशातून पडलेली नाही. आठवड्याचे ४८ तासांचे ५६ तास होतात, ते तुमच्याच माणसांच्या अंगातून येतात. केंद्रात झोपायची खोली, जेवणाची सोय नसेल तर पहाटे तीनला गाडी चालवणाऱ्याचा भरवसा धरू नका. कंत्राटी पाच जणांच्या करारात आठ तास लिहिले असतील तर ठेकेदार जादा तासांचं बिल लावेल किंवा, जास्त शक्यता, माणसांना ते देणारच नाही. करार वाचल्याशिवाय पत्रक बदलू नका.

हंगामापुरता एक मार्ग आहे. आग लागायचा जोर नोव्हेंबर ते मार्च. अर्जित रजा आणि प्रशिक्षण सक्तीने जूननंतर ढकला. तेवढ्याने हंगामात पाळीला तिघं नक्की राहतात, काही रात्री चौघं.

तांडेल_६३मिमी

पीटीओ_पंप यांचं १५ मिमीबद्दल मान्य. झळ पत्र्यावर असेल तर एकच ब्रँच, १५.

बमुना_जुलै

माणसं मिळतील तेव्हा मिळतील, तोवर मिलवरचा बोजा मिलवर टाका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि परवानाधारक एजन्सीचं नमुना 'ब' प्रमाणपत्र त्याने जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा द्यायचं असतं. जुलैचं प्रमाणपत्र हंगामाच्या तोंडावर येतं, तेच धरून बसा. नऊपैकी कोणाचं आलं नाही त्यांना ऑगस्टमध्ये नोटीस द्या.

कागद आला तरी स्वतः जाऊन चार गोष्टी बघा. भूमिगत टाकीत काठी बुडवून पाणी मोजा, कारण जिनिंगवाले ते पाणी कापसाला ओल द्यायला वापरतात. पंप ऑटोवर आहे की कुणी बिल वाचवायला मॅन्युअलवर टाकलाय ते बघा. डिझेल पंप सुरू करायला लावा, बॅटरी मेलेली असणं नेहमीचं. आणि सगळ्यात लांबच्या हायड्रंटला (आगीसाठी बसवलेल्या पाण्याच्या तोटीला) तुमची होज, तुमची ब्रँच लावून पाणी घ्या. हायड्रंटच्या पेटीत मिलची होज घडी घातलेली असते, वर्षानुवर्षं त्याच घडीवर. उलगडली की घडीवरच फुटते. तुमच्या कपलिंगला त्यांचा व्हॉल्व्ह बसतो का तेही तेव्हाच कळेल. लग (कपलिंग अडकवायचा दात) मोडलेला, स्प्रिंग गंजलेली, वॉशर गायब, यातलं काहीतरी एका तरी आवारात निघणारच.

त्या फेरीत प्रत्येक मिलचा एका पानाचा नकाशा काढा: फाटक, मेन स्विच, जनरेटर, टाकी आणि तिचे लिटर, जवळची विहीर, गंज्यांची जागा, बंब उभा करायची जागा, मालकाचा आणि रात्रीच्या वॉचमनचा फोन. प्लास्टिकमध्ये घालून बंबाच्या केबिनमध्ये ठेवा. गंज्यांमध्ये ट्रॅक्टर जाईल एवढा पट्टा मोकळा ठेवायची अट नोटिशीतच घाला. पेटल्यावर जेसीबीने पट्टा पाडायला वेळ असतो, पण जेसीबीचा चालक रात्री घरी गेलेला असतो.

कापूसपट्टा_केंद्र

नकाशे या आठवड्यात सुरू करतो. एक शंका: दोन मिलच्या टाक्यांना वर फक्त दीड फुटाचं झाकण आहे, फाटकापासून बरीच आत. आमची सक्शन होज तीन मीटरची, अशा दोनच.

पीटीओ_पंप

दोन जोडून सहा मीटर होतात. बंब टाकीजवळ नेता येत नसेल तर तो फाटकाशीच राहू द्या आणि मिलच्या पंपाने पाणी बंबाच्या टाकीत सोडा. हायड्रंटला तुमची ६३ ची होज लावायची, दुसरं टोक बंबाच्या टाकीच्या वरच्या तोंडात घालून दोरीने घट्ट बांधायचं, नाहीतर व्हॉल्व्ह उघडताच होज उडते. हायड्रंट अर्धाच उघडा. म्हणजे सक्शन नको, प्राइम नको, आणि माणूसही अडकत नाही. मिलचा पंप बंद पडला तरच झाकणातून सक्शन. त्यासाठी तुमचा स्ट्रेनर दीड फुटाच्या झाकणातून सरळ आत जातो का, ते याच आठवड्यात घालून बघा. काही जुन्या टाक्यांना तोंडाशी लोखंडी शिडी आडवी असते.